तू म्हणतेस तर, ऑल-सीझन

माझा धाकटा भाऊ कुठलीही गोष्ट एकट्यानं ठरवत नसे. चष्म्याची फ्रेम घ्यायची असली तरी दुकानातून चार फोटो पाठवायचा आणि 'सांग ना' म्हणून मागे लागायचा. सगळ्यांची मतं घेऊन झाली की शेवटी स्वतःच्या मनातलंच करायचा. त्यामुळे त्याच्या प्रश्नांकडे आम्ही कोणीच फार लक्ष देत नव्हतो.

अंधेरीतल्या एका स्टुडिओत तो साउंड रेकॉर्डिस्ट होता. लग्न केलं नव्हतं, दुसरा कसला शौक नव्हता, फक्त गाडी. बरीच वर्षं थांबून त्यानं दोन दारांची, बसकी, राखाडी स्पोर्ट्‌स कार घेतली. तिसऱ्या हातानं आलेली. विक्रोळीला आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ह्येच्यात बसूचा की निजूचा?" बाबा आधी गिरणीत होते, मग इथल्याच कारखान्यात. मालवण सोडून पन्नास वर्षं झाली, पण बोलणं तिथलंच राहिलं.

गाडीचे टायर गोटा झाले होते. नवे घ्यायचे तर कोणते, ह्यावर भावाचा महिनाभर खल चालला. समर की ऑल-सीझन. जेवताना तेच, फोनवर तेच. मी मान डोलवायचे आणि माझ्या मोबाइलमध्ये बघत राहायचे.

जुलैतल्या एका दुपारी त्याचा फोन आला. मी ऑफिसात लिफ्टसमोर उभी होते, मीटिंगला उशीर होत होता. त्याच्या मागे गॅरेजमधल्या, चाकाचे नट फिरवणाऱ्या हवेच्या गनचा कर्रकर्र आवाज येत होता.

"ताई, टायरवाल्याकडे आहे. शेवटचं सांग, समर घालू की ऑल-सीझन?"

"अरे, बाहेर बघ केवढा पाऊस आहे. समर काय घालतोस? ऑल-सीझन घाल ना. नावातच आहे."

"नावच फसवं आहे गं. समर म्हणजे उन्हाळ्याचे नाहीत. म्हणजे असं की, जिथे थंडी—"

"लिफ्ट आली माझी. ऑल-सीझन घाल आणि मोकळा हो."

तो हसला. "बरं. तू म्हणतेस तर."

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी तो मित्राकडे नाश्त्याला म्हणून आरे कॉलनीतून गोरेगावला निघाला. रात्रभर पाऊस पडून थांबला होता. गोठ्यांच्या पुढच्या एका वळणावर रस्त्यावर चिखल आणि शेण वाहून आलं होतं. तिथे गाडी घसरली आणि झाडावर गेली. दुपारी दोन वाजता हॉस्पिटलमध्ये त्यानं प्राण सोडला. पंचनामा करणारे हवालदार बाबांना म्हणाले, "रस्ता निसरडा होता, काका. स्पीड पण काही फार नसावा." बाबांनी दोन्ही वेळा मान हलवली.

टायरांचं वाचायला मी दोन महिन्यांनी सुरुवात केली. का केली, सांगता येत नाही. जेवणाच्या टेबलावर बसून मी तेच तेच वाचत राहिले, आणि तो फोनवर काय सांगायला बघत होता ते मला कळलं. ऑल-सीझन टायर थंडीच्या, बर्फाच्या देशांसाठी असतात. थंडीत त्यांचं रबर कडक होत नाही, आणि ते टिकतातही जास्त. समर म्हणजे जिथे तशी थंडीच नसते तिथले. मुंबईला बाराही महिने तसंच. उबदार हवेत समरचं मऊ रबर रस्ता जास्त धरतं. ओल्या रस्त्यावरसुद्धा.

ओल्या रस्त्यावरसुद्धा. हे मी कोणालाच सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच.

त्यानंतर तो मला ऐकू यायला लागला. भूतबीत नाही, माझा त्यावर विश्वास नाही. फक्त ते तीन शब्द, त्याच्याच आवाजात, हसून म्हटलेले. लिफ्टचं दार उघडताना हमखास. मी चार मजले जिन्यानं चढायला लागले. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, वजन कमी करतेय. कोणी काही विचारलं, अगदी पडद्याचा रंग कोणता घेऊ असं जरी, तरी "तुला वाटेल ते कर," एवढंच मी म्हणायचे. हजारदा तो मनातलंच करायचा, मग त्याच एका दिवशी माझं का ऐकलं त्यानं?

गाडी भंगारात द्यायची असं मी धरून चालले होते. बाबा म्हणाले, "नाय. दुरुस्त कर." गॅरेजमध्ये वर्षभर काम चाललं. पुढचा सगळा भाग नवा बसवला. चारही टायर मात्र शाबूत होते, तेच राहिले. मागच्या डाव्या टायरच्या बाजूला कशाला तरी घासून गेलेली लांब पांढरट खूण होती. गाडी घरी आली त्या दिवशी मी सगळ्यात आधी ती बघितली.

बाबांना गाडी चालवता येत नाही. दर रविवारी सकाळी ते खाली जाऊन दार उघडं ठेवून डावीकडच्या सीटवर पेपर वाचत बसायचे. उजवी सीट मागे, भावाच्या पायांच्या मापाला सरकवलेली होती. ती पुढे घ्यायला मला आणखी चार महिने लागले. मग मी ती गाडी चालवायला लागले, कारण उभी राहिली तर सडेल असं गॅरेजवाले म्हणत होते. कोरड्या दिवशी ठीक असायचं. हायवेवर पाऊस लागला की खालून टायरांचा पाणी कापल्याचा आवाज यायचा, आणि मी इंडिकेटर लावून सर्व्हिस रोडला थांबायचे. वायपर चालू ठेवून बसून राहायचे. मागचे हॉर्न वाजवत जायचे.

मागच्या वर्षी, दिवाळीनंतर, त्यातल्या एका टायरला फुगा आला. आता बदलणं भागच होतं. भावाच्या कागदांत दुकानाचं बिल होतं, मुलुंडचं. मी तिथेच जायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "मी येतंय."

टायरवाले साठीचे होते, कानावर पेन्सिल लावलेले. त्यांनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं, पण गाडी बघून ते बाहेर आले.

"ही तर... साहेब नाही आले?"

"तो गेला. तीन वर्षं झाली. ह्याच गाडीत."

ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. मग आत जाऊन बाबांसाठी खुर्ची घेऊन आले. मी म्हटलं, नवे टायर हवेत. त्यांनी वाकून जुने पाहिले, आणि पुढचं ते बहुधा काही मनात न ठेवताच बोलले.

"हे त्यांना घालायचेच नव्हते, मॅडम. समर काढून ठेवले होते मी त्यांच्यासाठी. दोन तर बसवून पण झाले होते. मग त्यांनी कोणाला तरी फोन लावला, आणि येऊन म्हणाले, काका, काढा, ऑल-सीझन घाला."

दोन बसवून झाले होते, हे मला माहीत नव्हतं. ती हवेची गन म्हणजे तेच होतं. बाबा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत होते. त्या फोनचं मी त्यांच्यापासून तीन वर्षं लपवलं होतं.

"तो फोन मला होता," मी म्हटलं.

मग मीच विचारलं, कारण एवढ्या दिवसांत विचारण्यासारखं दुसरं माणूस भेटलं नव्हतं. "काका, खरं सांगा. समर असते तर?"

त्यांनी घाई केली नाही. कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवत राहिले. "आपल्या हवेत समर पावसात थोडं जास्त धरतात. नवे असले तर. थोडं." मग म्हणाले, "कुठे झालं?"

"आरेत. वळणावर शेण होतं."

"शेणावर कुठलाच टायर धरत नाही, मॅडम. पण मी तिथे नव्हतो. मी काय सांगू?"

'नाही, काही फरक पडला नसता,' असं ते सहज म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत, ह्याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं. आता वाटत नाही.

"मग कोणते घालू?" त्यांनी विचारलं.

समर म्हणावं तर आता म्हणून काय उपयोग, ऑल-सीझन तर तोंडातून निघणंच शक्य नाही. मी जुन्या टायरांच्या थप्पीकडे बघत उभी राहिले. बाबाच खुर्चीतून म्हणाले, "त्येका व्हये होते, तेच घाल."

टायर बसेपर्यंत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, आता ते कधीच बोलणार नाहीत. घरी येताना भांडुपच्या पुढे सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा समोर बघतच ते म्हणाले, "माका पण इचारल्यान होता त्येना."

"कधी?"

"टायर घालूच्या आदल्या दिवशी. चाय पिताना. मी सांगलंय, जास्त दिवस टिकतले तेच घाल."

जास्त टिकणारे म्हणजे ऑल-सीझनच. सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. मी गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघं तिथे बराच वेळ बसलो. माझं काही हलकं झालं नाही, खोटं कशाला सांगू. एवढंच झालं की रविवारी पार्किंगमध्ये पेपर धरून बसलेला माणूस खरं काय करत होता, ते मला कळलं. तीन वर्षं एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत, आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

"माझ्याशी बोलायचं ना, बाबा," मी म्हटलं.

"तू खय बोललंस?"

फेब्रुवारीत बाबा स्वतःहून म्हणाले, आरेतून जाऊ. तोवर आम्ही दोघांनीही तो रस्ता टाळला होता. कोरडा, सकाळचा रस्ता होता. वळण मी पंचनाम्यात वाचलं होतं, तिथे गाडी बाजूला लावली. बाबा उतरले. वळणावर तीन मोठी झाडं होती. तिन्हींच्याही सालीवर खुणा होत्या, जुन्या, भरून आलेल्या.

"खयचा झाड गो?"

"माहीत नाही, बाबा."

ते तिन्ही झाडांकडे आळीपाळीनं बघत राहिले. एकालाही हात लावला नाही. गोठ्याकडून म्हशींचा एक कळप आला, त्यांना जाऊ दिलं. मग बाबा गाडीत येऊन बसले, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "चल." मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.