माळ्यावरचा नारळ

आमचे हे लढाईवर गेले ते घरात कुणाला एका शब्दानं सांगून गेले न्हाईत. लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं. बदनापूरच्या बाजाराला म्हणून निघाले अन् तीन वर्षांनी परत आले. बाजार लांबला म्हणायचा.

आले ते जावा नावाच्या बेटावरून, अंगात खाकी अन् तोंडात तिकडच्या गोष्टी. मी दोन दिवस फुगून बसले, मंग हसले. माझा राग तेवढाच. मामंजींचा मात्र पक्का. सासूबाई लवकर गेलेल्या, घरात आम्ही तिघंच. सुनेनं सासऱ्याशी समोर होऊन बोलायची रीत न्हाई, अन् लेकाशी त्यांना बोलायचं न्हाई. राह्यला कोण, तर बैल. "याला सांग, कडबा टाक," असं ते बैलाला सांगायचे अन् हे मुकाट्यानं कडबा टाकायचे. महिनाभर आमच्या घरात सगळ्यात जास्त मान बैलाला होता. पण ह्यांना घास गोड लागेना. म्हणायचे, आबांनी एकदा शिव्या तरी द्याव्यात.

शेवटी ह्यांनी ठरवलं, आबांना जावाचं कालवण खाऊ घालायचं. छावणीजवळच्या एका म्हातारीकडून शिकून आल्ते. कोंबडं नारळाच्या दुधात शिजवायचं म्हणे. मी म्हटलं, दूध म्हशीचं असतं. आमच्याकडं नारळ फुटतो देवापुढं, अन् कालवणात पडतं ते सुकं खोबरं, तेबी भाजून काळं केलेलं. ह्यांना नारळच पाहिजे. तेव्हा मला आठवलं, माळ्यावर झाडताना कणगीमागं फडक्यात बांधलेला एक नारळ दिसला होता. विसरला असेल कुणी, म्हणून मीच काढून दिला. मोठी शहाणी मी.

फोडला तर आत पाण्याचा थेंब न्हाई, वाळून गोटा झालेला. हे हटले न्हाईत. पाट्यावर वाटला, गरम पाण्यात कालवला, धोतराच्या तुकड्यातून पिळला. आमच्यात घरातल्या चुलीवर कोंबडं चालत न्हाई, म्हणून अंगणात तीन दगड मांडले. हळद, धने, आलं, मिरची, अन् तिकडच्या कसल्याशा गवताच्या जागी लिंबोणीची पानं. मी घरच्या येसर मसाल्याचा डबा घेऊन उभी, चिमूटभर तरी टाकू द्या म्हणून. तर सरहद्द राखायला उभं राहावं तसे हे भांड्यापुढं आडवे झाले.

तेवढ्यात मामंजी शेतातून आले. दगडांपाशी पडलेलं नारळाचं फडकं त्यांनी उचललं, झटकलं. धूळ उडाली अन् खालचं कुंकू दिसलं. बैल दोन पावलांवर होता, पण मामंजींनी त्याच्याकडं पाह्यलंच न्हाई.

"नारळ कुणी फोडला?"

"मी, आबा."

मामंजी फडकं घेऊन खाली बसले. "तू लढाईवर गेलास हे कळलं त्या दिवशी बांधला होता. पोरगं जित्तं परत आलं तर नारळ अन् कोंबडा देईन, असं म्हसोबाला बोललो होतो."

अन् पोरगं येऊन महिना झाला तरी नवस फेडला नव्हता. फेडला असता तर राग गेला हे गावाला कळलं असतं ना!

देवाचा नारळ मी कालवणात घालायला दिला होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मामंजी उठून भांड्यात डोकावले.

"नारळ बी हाय, कोंबडा बी हाय. बराबर हाय. पहिलं म्हसोबाला वाढून ठेवून ये, मंग जेवू."

हे वाढलेलं पान घेऊन निघाले. फाटकापाशी पोचले तोच मागून आवाज आला, "अन् पुन्हा कुठं जायचं असलं, तर सांगून जात जा."

ह्यांनी पान तसंच हातात धरून रडायला सुरुवात केली. लढाईवरून आलेला माणूस, पण लहान पोरासारखा रडला. मामंजींनी तोंड फिरवून बैलाच्या पाठीवर हात फिरवला. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले. येसर मागून घेतला, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर हे कधी जालन्याच्या पुढं गेले न्हाईत. पण विहिरीवर निघाले तरी उंबऱ्यात थांबून म्हणायचे, "आबा, जाऊन येतो." मामंजी वारल्यावरही ती सवय गेली न्हाई. मंग मीच आतून "हूं" म्हणायची, तेव्हा कुठं पाय बाहेर पडायचा.