लांब साखळ्यांचा सांधा

पवनानगरच्या पाणीयोजनेवर मी ज्यांच्या हाताखाली होतो, त्या प्लास्टिकचे पाइप जोडणाऱ्या बाई दिवसभर बडबडायच्या. फक्त वितळवलेली दोन टोकं एकमेकांवर दाबून धरली की गप्प व्हायच्या.

एकदा सरपंचांनी घाईनं सांधा गरम असतानाच दाब काढायला लावला. बाईंनी करवत घेऊन तो सांधा कापूनच टाकला.

"आवो, बाया हंडे घिऊन उभ्या हायेत!" सरपंच ओरडले.

"ऱ्हाऊ द्या. ह्या पाइपात रेणूंच्या साखळ्या लय लांब, म्हनून त्यो टिकतो. पन वितळला तरी काकवीवानी घट्टच ऱ्हातो. गुंत्यातनं इकडची साखळी तिकडं शिरायला येळ लागतो, तवर दाब काढला तर सांधा कच्चा ऱ्हातो."

नवा सांधा होईपर्यंत त्यांनी सरपंचांनाच शेजारी उभं केलं. संध्याकाळी पाणी आलं. सांध्याखालची माती मी हातानं चाचपली. कोरडी होती.