माझ्या पानातला भात

माझा थोरला भाऊ ऐनाच्या झाडावरून पडला तेव्हा मी खाली उभा होतो आणि हसत होतो. आज माझेही केस पिकले आहेत, पण ते हसू अजून घशाशी येते.

तीस सालानंतरच्या मंदीत मुंबईतली आमची गिरणी बंद पडली आणि मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत परतलो. वाडीतल्या बहुतेक घरांत असा एकेक माणूस परतला होता. आधी आमच्या मनिऑर्डरींवर पावसाळ्यात महाडच्या बाजारातून तांदूळ यायचा. आता मनिऑर्डर थांबली होती आणि ती पाठवणारेच खायला घरी येऊन बसले होते. त्यात भाताचा भाव पडला. सरकारचा सारा मात्र होता तेवढाच राहिला, त्यामुळे तो भरायला घरचे बहुतेक भात विकले गेले. हे सगळे मला माहीत होते. तरी त्यातून मी काहीच उमजून घेतले नाही.

मला रोज ओटीवर पहिले पान वाढले जाई. गरम भात आणि कुळथाची पिठी. दादा माझ्याबरोबर बसत नसे. "तू जेव. मी बैलांना बघून येतो," म्हणायचा. वहिनीला विचारले, "वयनी, तू कधी जेवणार?" तर ती म्हणायची, "मुंबयचा माणूस पावणा असतो. बसून खा चार दिवस, मग हायेच कोयता." मला ते मानाचे वाटे. मी जेवून अंगणात विडी ओढत बसे. आत चुलीपाशी ती दोघे काय जेवतात ते वाकून बघावे, असे एकदाही मनात आले नाही.

थंडी सरत आली होती. भाताच्या रोपांची जागा भाजायला फांद्या लागतात, म्हणून वाडीतले गडी कवळ तोडायला रानात निघाले. त्या सकाळी दादा घरातून बाहेर आला तो भिंतीला धरून. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड. रानात पोचेपर्यंत दोनदा ठेचकाळला. मुंबईच्या चाळीत सकाळी अशी चालणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. चारचौघांत मला लाज वाटली.

"दादा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "तुळशीची माळ काढून खुंटीला ठेवायची नि मग प्यायची."

गडी हसले. आमच्या शेजारच्या घरचा गडी सगळ्यांत मोठ्याने हसला.

"प्यालो नाय रे," दादा म्हणाला. "डोकं फिरतंय."

"मग चढ की. सरळ चढलास तर मानतो."

त्याने गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत घातली, कोयता कमरेला अडकवला आणि चढला. सरळ चढला. वर जाऊन एका हाताने फांदी धरली आणि दुसरा हात कोयत्याकडे नेला. मग तो धरलेला हात आपोआप सुटावा तसा सुटला. ओरडला नाही. खाली खडकावर पाठ आपटल्याचा आवाज तेवढा आला.

मी धावलो, वाकलो आणि पहिली गोष्ट कोणती केली तर त्याच्या तोंडाशी नाक नेले. वास नव्हता. दारूचा नाही, कसलाच नाही.

घोंगडीची डोली करून आम्ही त्याला खाली पोलादपूरला आणले आणि तिथून सावित्री नदीच्या कडेने महाडच्या दवाखान्यात. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटले, पटकीची साथ आली असावी. पण लोक वेगळ्याच तऱ्हेने आजारी होते. एक बाई खांबाला मिठी मारून बसली होती, सोडले की कलंडे. एका म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. तोंडाला लावलेले पाणी त्याच्या छातीवर सांडत होते. सगळे आमच्यासारखेच डोंगरातले.

डॉक्टरांनी दादाची पाठ तपासली, पायाला टाचणी टोचली. पाय हलला नाही. मग त्यांनी डोळे उघडून पाहिले आणि मला विचारले, "घरात नवा हरीक खाताय का?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे भात शिजतो."

डोली वाहून आणणारा शेजारचा गडी माझ्या मागे उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सायेब, भात ह्याच्या पानात. बाकीचं घर हरकावर हाय. माझ्या बायकोनं नि ह्याच्या वयनीनं बरोबरच कांडला. काल आमच्याकडं पन सगळी आडवी पडली होती."

हरीक हे डोंगरउतारावरचे बारीक धान्य. ते नवे खात नाहीत, कणगीत मुरवून मग काढतात. कापणीत पाऊस लागला तर नवा हरीक माजतो, खाणाऱ्याला गुंगी चढते, हे आमच्या वाडीत पोरासोरांनाही ठाऊक. मलाही ठाऊक होते, त्या वर्षी कापणीत तसा पाऊस लागला होता हेही. पण नवा हरीक काढला म्हणजे जुनी कणगी रिकामी झाली, हे उंबऱ्याबाहेर कोण बोलणार? प्रत्येक घर गरगरत होते आणि प्रत्येक घर गप्प होते. तो गडी एवढ्या मोठ्याने का हसला, ते मला त्या ओसरीवर कळले.

मी दादाजवळ बसलो. तो शुद्धीवर होता. पायांबद्दल त्याने काही विचारले नाही.

"मी प्यालो नव्हतो," तो म्हणाला. "वाडीत सांग."

त्याला दवाखान्यात ठेवून मी परत चढलो आणि घराघराच्या अंगणात उभा राहून सांगितले की माझा भाऊ प्याला नव्हता, मी खोटे बोललो. काही दारांआडून कण्हणे ऐकू येत होते.

घरी वहिनीने ओटीवर पान मांडले. भातच होता.

"मला हरीक वाढ," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली. तिचा एक हात कुडाच्या भिंतीवर होता, पडू नये म्हणून.

"तू पन पडलास तर झाडावर कोण चढंल?" ती म्हणाली. "जेव."

मी जेवलो. दादाचे पाय परत आले नाहीत. पुढचा हरीक मुरेपर्यंत त्या घरात पहिले पान माझेच मांडले जाई आणि त्यात भात असे.