दाराची आतली बाजू

सेतुराव माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या गाडीच्या दारावर टकटक करत. कान देऊन ऐकत आणि सांगत, "पत्रा कमी, पुट्टी जास्त." गाडीवाल्याचं तोंड उतरे. चेन्नईच्या अंबत्तूरला शेजारी आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. सेतुराव आमच्या गॅरेजचे फोरमन, आणि मी पुण्याहून नुकताच आलेला, गिऱ्हाइकांशी गोड बोलण्याचा पगार घेणारा. त्यांचं मराठी तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेलं. माझं त्यांना वर्तमानपत्रासारखं वाटे.

गंज चढू नये म्हणून वेल्डिंग केलेल्या पत्र्याला आतून प्रायमर, रंग वाळल्यावर दाराच्या पोकळीत नळीनं मेणाचा फवारा, आणि खालची पाणी निघायची भोकं मोकळी, एवढाच त्यांचा धर्म. गिऱ्हाइकांना मात्र चकाकी हवी असे, वर मोगऱ्याचा वास. एकानं तर ती भोकं "राहून गेलीत" म्हणून बुजवून मागितली. सेतुराव म्हणाले, "सरी पा, बुजवतो. मग दारात मासे पाळा."

एका शुक्रवारी जवळच्याच, समुद्रकाठच्या कोवलमच्या हॉटेलवाल्याची गाडी तयार होत होती. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेलं दार आम्ही खालून नवा पत्रा जोडून उभं केलं होतं. साडेदहाला राहुकाळ लागणार, त्याच्या आत गाडी निघालीच पाहिजे, असा त्याचा हट्ट. सेतुराव आडवे आले. "रंग वाळू दे. संध्याकाळी मेण मारतो, मग ने. राहू दीड तास बसतो, खारं पाणी जन्मभर बसतं!" गॅरेजमालकांनी त्यांना दुसऱ्या गाडीकडे पिटाळलं. मी जॉब कार्डावर सेतुरावांच्या नावापुढे 'आतून मेण : झाले' असं सुरेख अक्षरात लिहिलं, नारळ फोडला, आणि दहा पंचविसाला गाडी चाकांखालच्या लिंबांवरून बाहेर काढली.

पावसाळा सरला आणि गाडी परत आली. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगून फोड आले होते. हॉटेलवाला ओरडला. मालकांनी कार्ड काढलं. सेतुरावांच्या निवृत्तीला आठ महिने होते, आणि त्यांच्यामुळे गाड्या उशिरा जातात हे मालकांचं जुनं दुखणं. सेतुरावांनी कार्डावरचं अक्षर पाहिलं, मग मला पाहिलं. मी हॉटेलवाल्यासाठी कॉफी मागवण्यात गर्क झालो.

"गाडी माझ्या हाताखालची," ते म्हणाले. "मीच बघायला पाहिजे होतं."

त्याच दुपारी त्यांना घरी बसवलं. फाटकाशी मी त्यांना गाठलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुणेकरा, आत हात घालून बघितल्याशिवाय कागदावर लिहू नोको."

पुढच्या वर्षी मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख झालो. ते वाक्य मी इंग्रजीत आणि तमिळमध्ये छापून भिंतीवर लावलं. मालक खूश झाले. पाहुणे येतात, फोटो काढून नेतात. मला त्या पाटीची लाज वाटते, पण मी ती अजून बदललेली नाही. वाक्याखाली नाव माझं आहे.