ह्युमिडिफायर, निलगिरी आणि आम्ही तिघं शहाणे

शनिवारी सकाळी सिंगापूरमधल्या आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये कुत्रं भुंकलं. आमच्याकडे कुत्रं नाही... तीन वर्षांची अन्वी खोकत होती.

घसा पार बसलेला. रडली की श्वास आत घेताना शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. दात घासायचेही राहिले, तिला कडेवर घेतलं आणि खालच्या क्लिनिकमध्ये गेले.

डॉक्टर बाई एकदम शांत. म्हणाल्या, क्रूप आहे, स्वरयंत्रापाशी सूज येते, या वयात होतं. तिथेच एक औषध पाजलं, त्याला काम करायला काही तास लागतील म्हणाल्या. रडताना आवाज येईल, पण ती शांत असतानाही श्वासाला तसा आवाज आला किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तर विचार करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

मी विचारलं, खोलीत ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करायचं मशीन, लावू का? म्हणाल्या, तिला बरं वाटत असेल तर लावा, पण ते काही औषध नाही. पाणी साधं घाला, गरम वाफ नको, आणि मुख्य म्हणजे तिला रडवू नका. आता माणसाचे कान कसे असतात बघा... मला एवढ्यातलं ऐकू आलं फक्त 'ह्युमिडिफायर'.

बरं, सिंगापूरमध्ये ह्युमिडिफायर! जिथे कपाटातल्या पर्सला बुरशी येते आणि पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो. दुकानातल्या माणसाने मला दोनदा विचारलं, हवा कोरडी करायचं मशीन हवंय ना तुम्हाला? पण आमची बेडरूम म्हणजे एसी लावून केलेलं महाबळेश्वर, तिथली हवा कोरडीच असणार असं मी ठरवून टाकलं होतं. शेवटी इथल्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला, आणि पासिर रिसच्या एका मैत्रिणीकडे ह्युमिडिफायर निघाला.

समीर, म्हणजे माझा नवरा, आठवडाभर जुरोंग आयलंडला कंपनीच्या बसने कामाला जातो. शनिवार म्हणजे त्याचा झोपायचा दिवस. बिचारा एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मशीन घेऊन आला.

सध्या सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. त्यांच्या बॅगेत निलगिरीच्या तेलाची बाटली असतेच. "अगं, नुसत्या पाण्याने काय होणार? चार थेंब टाक, छाती मोकळी होईल."

मी म्हटलं, "आई, डॉक्टर साधं पाणी म्हणाल्यात." पण माझ्या बोलण्यात काही दम नव्हता, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. वाफ म्हटली की निलगिरी आलीच, आपल्याकडे दुसरं काही सुचतच नाही. टाकले. कापूरही त्या शोधायला लागल्या, तो मात्र मी देवघरातून आधीच उचलून ठेवला.

मग खिडक्या बंद, एसी चालू, मशीन फुल्ल. वाफ बाहेर जायला नको ना! थोड्याच वेळात खोली अशी दरवळायला लागली की माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं.

आणि अन्वी खोकायला लागली. मग रडायला लागली. मग ती शीळ... सकाळपेक्षा मोठी.

समीर म्हणाला, वाफ तिच्या तोंडाकडे कर. आई म्हणाल्या, पाठ चोळ. मी तिचा फ्रॉक वर करून बरगड्या बघत होते आणि ती माझा हात ढकलत होती. टॅक्सीचं ॲप उघडलेलं, समीरच्या पायात एकच बूट, आणि तिघं एकाच वेळी बोलतोय... हा आवाज रडण्याचा आहे की शांत असतानाचा? जायचं की थांबायचं? पण पोर शांत झाल्याशिवाय ते कळणार कसं? आणि ती शांत होईना. मी इतकी घाबरले होते की मला स्वतःचाच राग यायला लागला.

तेवढ्यात दोन हुंदक्यांच्या मधे तिने मशीनकडे बोट केलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई... ऑफ इट लाह. स्मेली. ऑल डोंट टॉक."

मी बटण बंद केलं. मशीन उचलून बाथरूममध्ये ठेवलं, खिडकी सताड उघडली. नुकताच पाऊस पडून गेला होता, गार हवा आत आली. समीरला म्हटलं, दुसरा बूटही घाल आणि दाराशी थांब, पण आता कोणी बोलायचं नाही. अन्वीला मांडीवर सरळ बसवून मी खिडकीपाशी बसले. खाली बस येत-जात होत्या, ती त्या बघायला लागली.

हुंदके कमी झाले. मग थांबले. आम्ही तिघंही कान देऊन... समीर दाराशी, आई पलंगाच्या कडेला हात जोडून.

श्वास आत गेला. बाहेर आला. परत आत गेला... शीळ नव्हती. बरगड्याही आत ओढल्या जात नव्हत्या. आईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मला तर रडूच फुटलं, तेही आवाज न करता, कारण ऑल डोंट टॉक.

तासाभरात औषधानेही आपलं काम केलं असावं. तिने पेज खाल्ली, कार्टून मागितलं. दुसऱ्या दिवशी परत दाखवून आणलं, डॉक्टर म्हणाल्या छान आहे. निलगिरीचं सांगितल्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. असली तेलं मशीनमध्ये अजिबात नको, लहान मुलांना त्रास होतो, म्हणाल्या. आई शेजारीच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "परत नाही हो टाकणार."

आता अन्वी ठणठणीत आहे. पण राहून राहून मनात येतं... तिला नीट श्वास घेता यावा म्हणून आम्ही अख्खं बेट पालथं घातलं, आणि तिला हवं होतं ते इतकंच की आम्ही जरा गप्प बसावं. तेवढं सांगण्यापुरताच श्वास तिच्याकडे होता, आणि तो तिने आम्हाला शहाणं करण्यात खर्च केला. थँक यू, पिल्ला.