बोलिव्हियाच्या गोणीवरचा निळा टाका

कॉफीच्या गोणीला आकडा लावलेला तांडेलकाकांना खपत नसे. माझे वडील सेलूच्या मोंढ्यात हमाल होते. गोणीच्या पोटात लोखंडी आकडा खुपसायचा आणि तिला पाठीवर ओढून घ्यायचं, हे मी लहानपणापासून पाहत आलेलो. कुवेतमधल्या कॉफीच्या गोदामात कामाला लागलो त्या पहिल्या सकाळी, पदवीधर असलो तरी कष्टाची सवय आहे हे दाखवावं म्हणून, मी कोपऱ्यात पडलेला आकडा उचलला आणि समोरच्या गोणीत रुतवला. मागून आवाज आला, "मेल्या, मासो आसा काय तो? गळ कित्याक लावतंस?"

वळून पाहिलं, तर पन्नाशी उलटलेला एक शिडशिडीत माणूस हातात मोठी सुई घेऊन उभा. त्याने आकडा काढून घेतला, सांडलेले हिरवट दाणे एकेक करून वेचले, गोणीत परत घातले आणि भोकावर निळ्या दोऱ्याचे चार टाके घातले. शेवटची गाठ मारताना माझ्याकडे न बघता विचारलं, "नवीन मास्तर तू काय?" मी अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन आलो होतो आणि मालाचा दर्जा तपासणं हे माझं काम होतं, म्हणून मी मास्तर. तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

ते वेंगुर्ल्याचे. वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते, म्हणून इथे यांनाही सगळे तांडेलच म्हणत. आधी बरीच वर्षं कुवेतमधल्याच शुऐब्याच्या कारखान्यांत दोरखंडाने अवजड यंत्रं चढवण्या-उतरवण्याचं काम करून ते आमच्या कंपनीत कॉफी भाजायची भट्टी सांभाळायला आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. शाळेत गेले होते, पण मासेमारीच्या हंगामात शाळा सुटली ती सुटलीच. भट्टीवरचे आकडे ओळखत, तेवढेच. खरं काम कानाने चाले. दाणे तडतडायला लागले की सगळ्यांना गप्प करत आणि मान तिरकी करून ऐकत. "काजू भाजताना आवशीन शिकवल्यान," म्हणायचे. "डोळे फसवतत, कान फसवणत नाय." गंमत अशी की शहरातल्या चांगल्या चांगल्या कॅफेंना ज्यांच्या हातची कॉफी लागायची, तो माणूस स्वतः कॉफीचा घोट घेत नसे. भाजलेला दाणा दाताखाली फोडायचा, चघळायचा आणि थुंकायचा. प्यायला मात्र गुळाचा कोरा चहा.

आमच्याकडे पुष्कळ देशांची कॉफी येई. काकांचा जीव बोलिव्हियाच्या गोण्यांवर. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा त्यांनी मला गोणीवरचं सगळं वाचायला लावलं. मी सांगितलं, की ही डोंगरातल्या लहान लहान शेतकऱ्यांची कॉफी आहे, कोणाकडे दोन एकर, कोणाकडे तीन. रासायनिक खत नाही, औषध नाही, म्हणून ऑरगॅनिक. त्यांची स्वतःची सोसायटी आहे. बाजार कितीही पडला तरी ठरल्या भावाखाली त्यांच्याकडून माल घ्यायचा नाही आणि वर थोडी जादा रक्कम गावाच्या कामाला द्यायची, असा करार असतो. त्याला फेअर ट्रेड म्हणतात. गोणीच्या तोंडाशी एक चिठ्ठी शिवलेली असे, तिच्यावर शेतकऱ्याचं नाव.

"समुद्र खंयच्या बाजूक त्यांचो?" काकांनी विचारलं.

"त्या देशाला समुद्रच नाही, काका."

 "समुद्र नाय? अरे, मगे दुसऱ्याच्या बंदरातसून धाडतत हो माल? बिचारे." आणि त्या दिवसापासून जणू अडचणीतल्या नातेवाइकांचा माल असावा तशी त्यांनी ती कॉफी जपली.

पुढच्या वर्षी त्या सोसायटीतली एक बाई कुवेतला आली. मार्सेलिना तिचं नाव. कंपनीने कॅफेवाल्यांसाठी कार्यक्रम ठेवला होता, तिच्यासोबत सगळ्यांनी फोटो काढले, तिचा चेहरा पुढे आमच्या पिशव्यांवर छापला. पण ती सर्वांत जास्त वेळ थांबली भट्टीपाशी. तिची भाषा दुभाष्यालाच कळे. काकांनी तिच्या गोणीची चिठ्ठी तिला काढून दाखवली. तिने दोन्ही हातांनी दाखवलं, झाडावरचं लाल झालेलं तेवढंच फळ तोडायचं, हिरवं ठेवायचं, आठवड्याने पुन्हा त्याच झाडाशी यायचं. काकांनी तिचे तळवे पाहिले आणि स्वतःचे पुढे केले. दोघंही हसली. जादा मिळणाऱ्या रकमेतून गावात शाळेची खोली बांधायचं सोसायटीच्या सभेत ठरलंय, असं दुभाष्याने सांगितलं, तेव्हा काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ मास्तर. तुझ्यासारखे मास्तर होतले थंय."

मी मास्तर झालो याचं त्यांना कौतुक फार. फहाहीलच्या खोलीत आम्ही काका धरून सहा जण राहायचो. एका शुक्रवारी त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र बघायला मागितलं. आधी साबणाने हात धुतले, पुसले, मग ते हातात धरलं. "हेच्यात बापाशीचा नाव खंय?" मी बोट ठेवून दाखवलं. माझ्या नावापुढे वडिलांचं नाव होतं. सेलूच्या मोंढ्यात ज्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारली नाही त्या माणसाचं नाव. काकांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि खोलीतल्या बाकीच्यांना दम दिला, "हो आमचो ग्रॅज्युएट. हेच्यासमोर शिये घालूक नाय." स्वतः मात्र शिव्या घालत राहिले.

रिकाम्या गोण्या फेकायच्या नाहीत, फाटलेल्या शिवून ठेवायच्या, असं एकदा वरून फर्मान आलं. आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, सांगितलं की कॅफेवाल्यांना भिंतीवर लावायला त्या हव्यात. कुवेतच्या कॅफेंत तशा गोण्या खरंच लावतात. काकांनी आनंदाने त्या झाडल्या, ठिगळं लावली, निळ्या दोऱ्याने शिवल्या. जाळं शिवताना मारतात ती गाठ ते मारत. "वाऱ्यान सुटणा नाय, पाण्यान सुटणा नाय," असं म्हणत.

दोनेक महिन्यांनी बोलिव्हियाचा नवा माल आला. निदान गेटवरचा कागद तसं सांगत होता. काका पहिली गोणी उघडायला वाकले आणि तसेच थांबले. मग मला हाक मारली. त्यांचं बोट गोणीच्या कुशीवर होतं. तिथे एक ठिगळ, ठिगळाला निळा दोरा, दोऱ्याला जाळ्याची गाठ.

"बोलिव्हियाच्या गोणयेर माझो टाको खंयसून इलो?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही. दाणा दाताखाली धरून त्यांनी तो लगेच थुंकला. स्वस्तातला, कुठलाही, कसाही माल आमच्याच गोदामातल्या रिकाम्या गोण्यांत भरून आणला होता. मार्सेलिनाचं नाव असलेली चिठ्ठीसुद्धा तोंडाशी परत शिवली होती. आज हे लिहितानाही माझे कान तापतात. शेण कालवायचं होतं तर स्वतःच्या नावाने कालवायचं. डोंगरात राबणाऱ्या बाईचा चेहरा पुढे करून, तिच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याच्या मालाला शिवून, वर "हा कप पिऊन तुम्ही एका शेतकऱ्याचं आयुष्य बदलता" असं छापायचं, याला चोरी म्हणणंही कमी आहे. चोर निदान अंधारात येतो.

काकांनी भट्टी बंद केली. मुदीर आला. तो आमच्याशी हिंदीत बोले. "क्या हुआ तांडेल?"

"ये माल वो नहीं है. मैं नहीं भूनेगा."

"तेरा काम भूनना है. पढ़ना नहीं. पढ़ना आता है तुझे?"

"नहीं आता साब," काका शांतपणे म्हणाले. "इसलिए तो टांका देखता है."

मुदीर हसला आणि माझ्याकडे वळला. मालाच्या तपासणीचा कागद पुढे केला. देश बोलिव्हिया, ऑरगॅनिक, फेअर ट्रेड, दर्जा तपासला, खाली माझी सही. काका म्हणाले, "मास्तर, तुका वाचूक येता. तू वाच. मोठ्यान वाच."

मी वाचलं नाही. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, कंपनीच्या हातात होता. धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. ही कारणं खरी होती आणि मी ती आजवर स्वतःला पुष्कळदा ऐकवली आहेत. मी सही केली. पूर्ण सहीसुद्धा नाही, नावाची दोन अक्षरं आणि एक फराटा.  कपाळावरचा घाम पुसून काका बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. भट्टी दुसऱ्याने चालवली.

त्यांना नोकरीतून काढलं. परतीचं तिकीट निघेपर्यंतचे आठ दिवस त्यांना गोदामात रिकाम्या गोण्यांच्या घड्या घालायला बसवलं. अपमान व्हावा म्हणूनच. ते रोज वेळेवर आले. खोलीतही माझ्याशी नेहमीसारखेच वागले, माझ्यासाठी कालवणात तिखट कमी घातलं. त्यामुळे मला जास्त लाज वाटायची. शेवटच्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो, तेव्हा कळलं ते काय करत होते. बोलिव्हियाच्या प्रत्येक रिकाम्या गोणीच्या आतल्या कोपऱ्यात, फाटलेली असो वा धड, त्यांनी निळ्या दोऱ्याची एक गाठ मारून ठेवली होती. एकही सोडली नव्हती.

"आता भरांदे खंयचोय माल," ते म्हणाले. "ज्या गोणयेत माझी गाठ, ती हंयची. माझा काम झाला. आता ज्यांका वाचूक येता, तेंनी वाचूक होया."

विमानतळावर मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर जोरात थाप मारली. "जेवत जा. आणि आकडो लावू नुको," एवढंच म्हणाले.

आठ महिन्यांनी फेअर ट्रेडचा शिक्का देणाऱ्या संस्थेचा तपासनीस आला. कागदपत्रं चोख होती. चोख असणारच, सगळ्यांवर माझा फराटा होता. गोदामात त्याने एक गोणी उघडायला लावली, दाणे पाहिले, मान हलवली. मुदीर शेजारी उभा होता. तपासनीस पुढे निघाला. तेवढ्यात मी गोणीत हात घातला, आतला कोपरा उलटा करून बाहेर काढला आणि त्या गाठीवर बोट ठेवलं. "ही गाठ बोलिव्हियातली नाही," मी म्हणालो. "ही इथे मारलेली आहे. अजून कुठलीही उघडा." त्याने सात उघडल्या. सातही गोण्यांत निळी गाठ होती.

कंपनीचा शिक्का गेला. माझी नोकरीही गेली. दोन महिने धाकधुकीत काढल्यावर अहमदीजवळ खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं. आणि कंपनीचं काय झालं? तिने पिशवीवरचा चेहरा बदलला, "खास डोंगरी मिश्रण" असं नवं नाव दिलं. परवाच जाब्रियातल्या एका दवाखान्याखालच्या कॅफेत लोक ती कॉफी घ्यायला रांगेत उभे होते. भिंतीवर शोभेला गोण्या लावलेल्या होत्या. एका गोणीवर निळ्या टाक्यांचं ठिगळ होतं. त्याखाली उभं राहून एक जोडपं फोटो काढत होतं. मला तिथे पाणीसुद्धा प्यावंसं वाटलं नाही.

तपासनीस येऊन गेला त्याच दिवशी मी काकांना फोन केला होता. ते किनाऱ्यावर जाळं शिवत होते, मागे कावळ्यांचा गोंगाट. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

"त्या बाईची कॉफी परत येता काय?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. तिच्या सोसायटीकडून घेणं बंदच आहे."

"शाळेची खोली?"

"माहीत नाही."

"मगे?"

त्यांच्या त्या एका शब्दावर मी चार दिवस झोपलो नाही. मग सोसायटीच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. कोणत्या महिन्यात, कोणकोणाच्या नावाच्या चिठ्ठ्या दुसऱ्या मालाला शिवल्या गेल्या, आणि त्या कागदांवर सही कोणी केली, हे सगळं. दुभाष्याकडून ते त्यांच्या भाषेत करून घेतलं. पाठवण्याआधी काकांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं. मोठ्याने, शब्द न गाळता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, भट्टीपाशी ऐकत तसं.

"खाली सही केलंस?"

"आता करतो."

"तसलो फराटो मारू नुको," काका म्हणाले. "सगळा नाव लिही. बापाशीचाय घाल मधी. गोणी उचलणाऱ्याचा नाव एकदा तरी कागदार रवांदे."