बाईंबरोबर नेपाळचा बेत

नेपाळला जायचं ठरवलं तेव्हा आम्ही तिघी होतो. हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये एकाच टीममध्ये काम करणाऱ्या, चोवीस-पंचवीस वर्षांच्या. दिवाळी झाली की दोन आठवड्यांची रजा घ्यायची, पाठीवर एकेक सॅक टाकायची, गोरखपूरपर्यंत रेल्वेने, तिथून बसने पोखऱ्याला आणि पुढे डोंगरात पायी, असा बेत होता. विमान परवडणार नव्हतं. टूर कंपनीच्या टोप्या घालून झेंड्यामागे चालायचं नव्हतं. पण ऑगस्टमध्ये एकीला कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात दुसरीचं लग्न ठरलं. दोघींनी मला कॅन्टीनमध्ये बसवून, फार वाईट वाटतंय अशा आवाजात ते सांगितलं. मी दोघींचं अभिनंदन केलं आणि उरलेला चहा न पिताच उठले.

त्या संध्याकाळी मी घरी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून बसले होते. घर म्हणजे मी पेइंग गेस्ट म्हणून राहत होते तो फ्लॅट. घरमालकीण एकट्याच राहत. एकसष्ट वर्षांच्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणायचे. त्यांनी कागदांकडे पाहिलं.

"किती जणींचं होतं हे?"

"तिघींचं."

"आता?"

"एकटीचं. म्हणजे, रद्दच."

बाईंनी माझ्यासमोर पोळीचा डबा ठेवला. "रद्द कशाला करतेस? दोघींचं कर."

मला कळायला थोडा वेळ लागला. तोवर त्या आमटी गरम करायला आत गेल्या होत्या.

बाईंची थोडी माहिती सांगायला हवी. त्यांनी बत्तीस वर्षं मुलींना नद्या, खिंडी, पर्वतरांगा शिकवल्या होत्या आणि स्वतः उज्जैनच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. शाळेच्या सहली नेल्या, त्या रायगड आणि महाबळेश्वर. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीच्या आधीची बारा-तेरा वर्षं आईचं आजारपण काढलं. आई गेल्यावर सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या सोडल्या, फंडाचे पैसे आले होते त्यातून हडपसरला नवा फ्लॅट घेतला. पेठेतल्या नातेवाइकांना ते मुळीच आवडलं नाही. "तिकडे भाजीबाजाराशिवाय आहे काय?" असं कुणीतरी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "भाजी ताजी मिळते." हडपसरात त्या खूश होत्या. खिडकीतून मांजरीकडचा ऊस दिसायचा आणि ऊस तोडून उभ्या राहणाऱ्या इमारती.

बेताला आम्ही दुसऱ्याच दिवशी हात घातला. मी इंटरनेटवरून उतरवून, ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणलेला कार्यक्रम त्यांनी चष्मा लावून वाचला. कुठल्या दिवशी कुठून कुठे चालायचं, मुक्काम कुठे, सगळं त्यात होतं.

"हे कुणी लिहिलंय?"

"एका ऑस्ट्रेलियन मुलाने."

"वय काय त्याचं?"

"बावीस-तेवीस असेल."

"मग त्याच्या पायांनी आपण कशाला चालायचं?" असं म्हणून त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक दिवसाचे दोन दिवस केले. मी म्हटलं, रजा संपेल. तर त्यांनी शेवटचं उंच ठिकाण सरळ खोडलं. "बेस कॅम्पला जाऊन काय करायचंय? डोंगर पाहायचाय ना? तो लांबूनच नीट दिसतो." मला तेव्हा राग आला होता. पण त्या कागदावरची उंची त्यांना वाचता येत होती आणि मला येत नव्हती. पोखऱ्याहून निघून घोरेपाणी नावाच्या गावी चढायचं, तिथल्या टेकडीवरून हिमशिखरं पाहायची आणि घांद्रुकमार्गे खाली यायचं, असा सात दिवसांचा फेरा त्यांनी बसवला. मी नंतर अनेकांना तोच सांगितला आणि कुणाची तक्रार आली नाही.

दर रविवारी आम्ही सिंहगड चढायला लागलो. पहाटे हडपसरहून स्वारगेट, तिथून दुसरी बस. खडकवासल्याचं पाणी मागे पडलं की बाई बुटांच्या नाड्या पुन्हा बांधून घ्यायच्या. पहिल्या रविवारी त्यांना वर पोचायला अडीच तास लागले. अर्ध्या वाटेवर त्या दगडावर बसल्या, ओठ पांढरे पडले होते. मी घाबरून म्हटलं, "परत जाऊ या का?" त्या म्हणाल्या, "बोलायला लावू नकोस. बोलले की दम लागतो." चौथ्या रविवारी त्यांनी सॅकमध्ये चार किलो तांदूळ भरून घेतले. सहाव्या रविवारी ताकवाल्या बाईंनी त्यांना ओळखून आपणहून मडकं पुढे केलं.

सॅक जुन्या बाजारातली होती. चेन तुटकी, पण कापड भक्कम. चेन बाईंनी घासाघीस न करता दुरुस्त करून घेतली, कारण दुरुस्ती करणाऱ्याने काम नीट केलं होतं. साडी नेसून चढणं जमेना, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन पंजाबी ड्रेस शिवले. ते घालून पहिल्यांदा खाली उतरल्या तेव्हा सोसायटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काय बाई, आज वेगळ्याच?" बाई म्हणाल्या, "साडीला खिसे नसतात हो." आणि रिक्षात बसल्या.

रेल्वेच्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, ज्येष्ठ नागरिकांची सवलत घेणार का? "घेणार तर. साठ वर्षं थांबलेय तिच्यासाठी." नेपाळात पाचशेच्या नोटा चालत नाहीत असं कळलं होतं, म्हणून बँकेतून शंभराच्या घेतल्या. बाईंनी त्या पंजाबी ड्रेसच्या आतल्या बाजूला शिवलेल्या कप्प्यात ठेवल्या.

माझ्या आईला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती अकोल्याहून म्हणाली, "नेपाळले? कायले जातं वं तिकडे? तिथं तं मारामाऱ्या सुरू आहेत म्हणते पेपरात." तिकडची अशांतता तोवर निवळली होती, पण असली चांगली बातमी आमच्या घरी उशिरा पटायची. बरोबर कोण आहे विचारल्यावर मी म्हटलं, घरमालकीण. "बाई मास्तरीण आहेत ना? मंग जा." माझा प्रश्न एवढ्यावर सुटला.

बाईंचा सुटला नाही. कोथरूडला त्यांचे धाकटे भाऊ राहायचे. ते एका संध्याकाळी आले आणि चप्पल काढता काढताच मला म्हणाले, "आपण तरुण आहात, आपली हौस समजू शकतो. पण तिला रक्तदाब आहे, याचा काही विचार?"

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "रक्तदाब सहा वर्षं आहे. तुला माहीत आहे हे आज कळलं, बरं वाटलं."

भाऊ खुर्चीत टेकले. चहा झाला. मग बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी आणून त्यांच्यासमोर ठेवली. चालायला हरकत नाही, गोळ्या चुकवू नयेत, उंचावर घाई करू नये, असं त्यात लिहिलं होतं. भावाने ती दोनदा वाचली. जाताना दारात म्हणाले, "पोचल्यावर फोन तरी कर." त्यांचा आवाज बदलला होता, आणि बाईंनीही नेहमीसारखा टोला दिला नाही. "करीन," एवढंच म्हणाल्या.

निघायला आठ दिवस राहिले होते आणि माझ्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. क्लायंटने सॉफ्टवेअरचं रिलीज अलीकडे, नेमकं आमच्या जाण्याच्या आठवड्यात ओढलं होतं, टीममधली एक आधीच अमेरिकेला गेलेली, दुसरी लग्नाच्या सुट्टीवर. "सॉरी, तुझी लीव्ह होल्डवर टाकावी लागेल," तो म्हणाला. मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. मी मान हलवली आणि बाहेर आले.

घरी येऊन बाईंना सांगितलं तेव्हा त्या गोळ्यांच्या पुड्या बांधत होत्या. सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या.

"उद्या तिकिटं रद्द करून येते," मी म्हटलं.

"तुझं कर. माझं कशाला?"

"तुम्ही एकट्या जाणार?"

"तीन महिने मी काय फक्त तुझ्यासाठी गड चढले का?" त्या शांतपणे म्हणाल्या. मग पुडी बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. "हे बघ, तुझं काम आहे, ते तू करायलाच हवंस. पण किती दिवसांचं आहे ते तरी विचारलंस का त्याला?"

मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा केबिनमध्ये गेले. रिलीजची तारीख पाहून हिशेब करून गेले होते. म्हटलं, "रिलीज होईपर्यंत मी आहे. त्यानंतर एक दिवस आणखी थांबते, काही बिघडलं तर. त्याच्या पुढे नाही. माझ्या घरमालकीणबाई पुढे जाऊन तिकडे नेपाळात थांबणार आहेत."

"आणि क्लायंटला काय सांगू? हिची लँडलेडी नेपाळमध्ये वेट करतेय?"

"सांगा," मी म्हटलं.

तो हसेल असं मला वाटलं नव्हतं, पण हसला. माझी रजा दोन आठवड्यांची दहा दिवसांवर आली. त्या केबिनमधून बाहेर येताना मला जितकं मोकळं वाटलं, तितकं पुढे पगारवाढ मिळाल्यावरही वाटलं नाही.

मग उरलेल्या दिवसांत आम्ही सगळा बेत नव्याने आखला. बाई पुढे जाणार, पोखऱ्यात राहणार, डोंगरात जायचा परवाना काढून ठेवणार. मी सहा दिवसांनी कल्याणहून दुसऱ्या गाडीने निघणार. रोज संध्याकाळी सात वाजता त्या बूथवरून माझ्या मोबाईलवर फोन करणार. मी त्यांना बसचे थांबे, लॉजची नावं, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यांनी ते घेतलं आणि माझ्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. स्टेशनवर त्यांचे भाऊ आले होते, डब्यात साटोऱ्या घेऊन.

दोन दिवस फोन वेळेवर आले. एक लखनौ स्टेशनवरून, एक सीमेवरच्या सोनौलीहून. तिसऱ्या दिवशी आला नाही. मी साडेसातपर्यंत फोन हातात धरून बसले. आठ वाजता भावाचा आला. "काही कळलं का?" मी नाही म्हटलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते फक्त म्हणाले, "तिला फोन करायचं विसरायची सवय नाही." त्या वाक्याने माझी झोप उडवली. दुसऱ्या दिवशी समोरच्या स्क्रीनवर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

दुपारी तीनला फोन वाजला. बाईंचा आवाज एकदम ठणठणीत.

"काल इथे बंद पुकारला होता. तानसेन म्हणून गाव आहे, त्याच्या अलीकडे बस अडवली. फोनही बंद."

"मग राहिलात कुठे?"

"बसमध्ये एक शिक्षिका होती. तिच्या घरी. अगं, तिसरी-चौथीला शिकवते, पण नकाशे काय सुंदर काढते. आम्ही खूप बोललो. माझं हिंदी तिला कळत नव्हतं, तिचं मला. आता पोखऱ्यात पोचले. आधी माझ्या भावाला कळव, माझ्याकडे सुट्टे संपले."

मी भावाला कळवलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे. आपणही जपून जा."

रिलीज ठरल्या दिवशी झालं. दोन दिवसांनी मी गाडीत होते. पोखऱ्याच्या बसतळावर उतरले तेव्हा बाई उभ्याच होत्या, निळा पंजाबी ड्रेस, उन्हाने नाक सोललेलं, गळ्यात कुणीतरी दिलेला लोकरी मफलर. परवाने त्यांच्या पिशवीत होते. मी लिहून दिलेलं लॉज त्यांनी पहिल्याच दिवशी सोडलं होतं. "तिथे पाणी गार होतं. हे बघ, इथून तळंही दिसतं आणि गरम पाणीही आहे, भाडं तेवढंच."

माझ्या रजेतले प्रवासाचे दिवस वजा जाता हातात कमी दिवस उरत होते, तेव्हा फेरा त्यांनी आणखी आखडला. दुसऱ्या दिवशी आम्ही चालायला लागलो. उल्लेरी नावाच्या गावाला चढताना दगडी पायऱ्याच पायऱ्या आहेत, संपतच नाहीत. तिथे मला कळलं की मधल्या तीन महिन्यांत त्यांचा दम वाढला होता आणि माझा तसाच राहिला होता. त्या एका लयीत, न थांबता, न बोलता चढत राहिल्या. मी दर पन्नास पायऱ्यांनी कठड्याला टेकत होते. वर एका घराच्या ओट्यावर त्या माझी वाट पाहत बसल्या होत्या. माझ्या हातात गरम चहाचा पेला दिला आणि म्हणाल्या, "बस. घाई नाही."

घोरेपाणीच्या टेकडीवर आम्ही उजाडताना पोचलो. ढग नव्हते. समोर अन्नपूर्णा आणि धौलगिरीच्या रांगा होत्या. आधी राखी, मग टोकाकडून खाली हळूहळू गुलाबी होत गेलेल्या. भोवती बरीच माणसं होती, कॅमेरे होते, कुणी ओरडत होतं. बाई एका लाकडी फळीवर बसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मी शेजारी बसले.

ऊन पुरतं वर आलं, गर्दी पांगली. मग त्या म्हणाल्या, "पाय गार पडलेत. ओढ मला." आणि हात पुढे केला. मी त्यांना उभं केलं. खाली लॉजवर उकडलेले बटाटे आणि तिखट चटणी मिळाली. खाता खाता त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि घांद्रुकची वाट बोटाने दाखवायला लागल्या.